लघवीची नळी, वारंवार येणारा ताप आणि रोजच्या अँटिबायोटिकचा प्रश्न

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तासगाव तालुक्यातल्या गावी, घरीच असलेले तुमचे अठ्ठावन्न वर्षांचे वडील मेंदूतील रक्तस्रावानंतर सात महिने अंथरुणावर आहेत. डोळे उघडतात, पण ओळख देत नाहीत. नाकातून अन्नाची नळी आहे आणि लघवीची नळी दवाखान्यातल्या पहिल्या दिवसापासून आहे. दर पंधरा दिवसांनी लघवीचे कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करता, दर वेळी जंतू सापडतात, इंजेक्शनांचे चार कोर्स झाले आणि आता जेमतेम दोन औषधे लागू पडतील असा अहवाल हाती आला आहे. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: संसर्ग होऊच नये यासाठी रोज कोणते अँटिबायोटिक द्यावे, ब्लॅडर वॉश, म्हणजे नळीतून द्राव सोडून मूत्राशय धुणे, रोज करावा का, आणि नळी आठ दिवसांनी बदलली तर फायदा होईल का.

मी डॉक्टर नाही. मिरजेत मेंदूविकारांच्या अतिदक्षता विभागात २८ वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि आता सांगली-मिरज परिसरात अशा रुग्णांच्या घरी जाऊन घरच्या माणसांना शुश्रूषा शिकवते. त्यामुळे औषधाचे नाव मी सुचवणार नाही, तो अधिकार तुमच्या डॉक्टरांचा आहे. मात्र तुमच्या तिन्ही प्रश्नांना माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते का, हे समजले की तुम्ही न विचारलेला चौथा प्रश्न आपोआप समोर येईल. तो असा, की सात महिन्यांनंतरही ही नळी नेमकी कशासाठी आहे? त्याकडे शेवटी येते, पण खरा उपाय तिथेच दडलेला असण्याची शक्यता आहे, हे आधीच सांगून ठेवते.

कल्चर दर वेळी पॉझिटिव्ह का येते, ते आधी पाहू. नळी बसवल्यानंतर प्रत्येक दिवशी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात, म्हणजे महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते सापडणारच. ते नळीच्या बाहेरच्या अंगाने वर चढतात, किंवा पिशवीच्या तोटीतून आणि नळी-पिशवीच्या जोडातून आत शिरतात. आत गेल्यावर ते नुसते लघवीत तरंगत नाहीत, नळीला चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, तसाच हा थर असतो. त्यावरून पाणी कितीही वाहिले तरी शेवाळ निघत नाही. अँटिबायोटिकने तरंगणारे जंतू मरतात, चार दिवस अहवाल स्वच्छ येतो, थर जागच्या जागी राहतो आणि त्यातून जे तगतात ते त्या औषधाला निर्ढावलेले असतात. तुमच्या शेवटच्या अहवालात दोनच औषधे का उरली, याचे बरेचसे उत्तर मागच्या चार कोर्समध्ये असण्याची शक्यता आहे. रोजचे अँटिबायोटिक सुरू केले तर ती दोनही जातील, आणि ज्या दिवशी खरोखर जिवावरचा संसर्ग होईल त्या दिवशी डॉक्टरांच्या हाती काही उरणार नाही.

म्हणूनच लघवीत जंतू असणे आणि लघवीचा संसर्ग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगावे लागते. नळी असलेल्या माणसाच्या अहवालात पस सेल्स (पुवाच्या पेशी) असणे, लघवी गढूळ दिसणे किंवा तिला उग्र वास येणे, यांपैकी एकट्या कशावरूनही औषध सुरू करण्याचे कारण नसते. लघवीच्या मार्गावर रक्तस्राव होईल अशी शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टर आधी जंतूंचा बंदोबस्त करतात, तो अपवाद. बाकी ताप नाही, प्रकृतीत बदल नाही आणि केवळ तारीख आली म्हणून केलेले कल्चर तुम्हाला फसवण्यापलीकडे काही करत नाही. ते बंद करण्याबाबत डॉक्टरांशी बोला.

जाता जाता एक गोष्ट. कधीतरी पिशवी चक्क जांभळी झालेली दिसते, विशेषतः बद्धकोष्ठ असलेल्या वयस्कर स्त्रियांमध्ये. अन्नातल्या एका घटकावर आधी आतड्यातले आणि मग लघवीतले जंतू काम करतात आणि त्यातून निळे-लाल रंग तयार होऊन प्लॅस्टिकमध्ये मुरतात. रात्री दोन वाजता घाबरून केलेले असे फोन मला आले आहेत. रुग्ण एरवी बरा असेल तर नुसता हा रंग धोक्याचा नाही. नळी बदलणे आणि पोट साफ ठेवणे याकडे तेवढे लक्ष द्यावे.

आता तुमच्या परिस्थितीतला सगळ्यांत अवघड भाग. शुद्धीत असलेला माणूस उन्हाळी लागली, ओटीपोटात दुखते, कंबर धरली, असे सांगतो. वडील ते सांगू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने आपण पाहायचे असते. त्यांचा रोजचा चेहरा, रोजचा श्वास, हातपाय किती ताठ असतात, सकाळी डोळे किती वेळ उघडे राहतात, हे तुमच्या आईला कोणत्याही डॉक्टरांपेक्षा अधिक चांगले माहीत असणार. ताप १००.४ अंशांच्या वर जाणे, थंडी वाजून अंग थरथरणे, नाडी आणि श्वास जलद होणे, नेहमीपेक्षा सुस्त पडणे किंवा डोळे न उघडणे, हातपाय अचानक जास्त आखडणे, कूस बदलताना किंवा कमरेच्या बाजूला हात लावताना चेहरा वेडावाकडा होणे, लघवीत नव्याने रक्त येणे, यांना मी लक्षणे म्हणते. दुधाच्या हिशेबाची असते तशी एक वही ठेवा आणि तीत रोज दोन वेळचा ताप, चोवीस तासांची लघवी, शौच आणि वेगळे काही दिसले तर एक ओळ, एवढेच लिहा. महिन्याभराची अशी वही पाहून डॉक्टरांना जे समजते, ते सहा कल्चरच्या कागदांवरून समजत नाही.

मात्र ताप आला म्हणजे तो लघवीचाच, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. नळीच्या रुग्णात लघवीचा अहवाल नेहमीच वाईट येत असल्यामुळे आळ तिच्यावर जातो आणि खरा चोर सुटतो. नाकातल्या नळीने भरवताना अन्न श्वासनलिकेत गेल्याने छातीत झालेला संसर्ग, माकडहाडावरचा बेडसोर (सतत पडून राहिल्याने दाबामुळे होणारी जखम), सलाइनची शीर सुजणे, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे, चालू असलेले एखादे औषध, अशी कितीतरी कारणे असतात. मेंदूला मोठी इजा झालेल्या काही रुग्णांना संसर्ग नसतानाही झटक्यासारखा ताप येतो, दरदरून घाम फुटतो, नाडी आणि रक्तदाब चढतो आणि अंग ताठ होते. एका रुग्णाला असे व्हायचे म्हणून आम्ही तीन आठवडे लघवीचेच औषध देत राहिलो, आणि शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांनी वेगळे औषध सुरू केल्यावर तो ताप थांबला. पुढच्या वेळी ताप आला की आधी छाती, पाठ, नितंब, टाचा आणि पाय पाहायला सांगा, मग पिशवी.

खरोखर संसर्गाची शंका असेल तेव्हा नमुना कसा घेतला, यावर सगळे अवलंबून असते. पिशवीतली लघवी कल्चरला पाठवणे व्यर्थ आहे, कारण तिथे तासन्‌तास जंतू वाढत असतात. नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर ती काढून नवी बसवावी, नव्या नळीतून नमुना घ्यावा आणि मगच अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यावा. यात दुहेरी फायदा आहे. शेवाळाचा जुना थर नळीसकट बाहेर जातो, आणि अहवाल मूत्राशयातल्या जंतूंचा येतो, नळीवरच्या वस्तीचा नाही. घरी नमुना न्यायला येणारा मुलगा पिशवीची तोटी उघडून बाटली भरत असेल, तर तुमच्या आजवरच्या अहवालांवर मी फारसा विश्वास ठेवणार नाही.

प्रतिबंधाचे जे काही मर्म आहे ते एका शब्दात येते: बंद. मूत्राशयापासून पिशवीच्या तोटीपर्यंतचा मार्ग सलग बंद राहिला पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीला मी खाटेखाली सलाइनच्या रिकाम्या बाटलीत सोडलेली नळी पाहिली आहे. तशा उघड्या पद्धतीत तीन-चार दिवसांतच जवळपास सर्वांच्या लघवीत जंतू सापडत, हे पाश्चात्त्य देशांत १९५०-६० च्या दशकांतच लक्षात आले होते आणि त्यातूनच बंद पिशवी रूढ झाली. आज प्रत्येकाकडे अशी बंद पिशवी, म्हणजे युरोबॅग, असते, पण आपण ती दिवसातून तीनदा उघडून पुन्हा बाटलीच्या काळात जातो. अंघोळ घालताना अडचण होते म्हणून, कपडे बदलताना, व्यायाम देणारे येतात तेव्हा जोड सोडला जातो आणि नळीचे टोक चादरीवर टेकते. तो जोड सोडायचाच नाही. पिशवी फुटली, गळू लागली किंवा बदलायची वेळ आली तरच, हात साबणाने धुऊन, जोड स्पिरिटने पुसून, नवी पिशवी आधी उघडून तयार ठेवून एका मिनिटात काम उरकायचे.

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता, खाटेच्या कडेला हुकावर असावी. ती दोन तृतीयांश भरण्याआधी रिकामी करावी. रिकामी करणाऱ्याने आधी आणि नंतर हात धुवावेत, मधल्या वेळात हातमोजे घालावेत. भांडे याच कामासाठी वेगळे असावे, तोटी भांड्याला लागू नये, आणि झाल्यावर तोटी पुसून बंद करावी. केअरटेकर मावशी किंवा मामा बदलत असतील तर प्रत्येकाकडून हे एकदा समोर करून घ्या, कारण सगळे ‘येतंय’ म्हणतात.

सर्वांत जास्त चूक होते ती रुग्णाला हलवताना. कूस बदलताना किंवा खुर्चीत बसवताना पिशवी पोटावर ठेवली जाते आणि तीतली जुनी लघवी नळीतून परत मूत्राशयात जाऊ शकते. पिशवीला उलट प्रवाह रोखणारी झडप असते, पण तिच्या भरवशावर मी राहत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत एका रुग्णाला घरातून बोटीने हलवावे लागले. गडबडीत भरलेली पिशवी तासभर त्याच्या छातीवर होती आणि तिसऱ्या दिवशी त्याला हुडहुडी भरून ताप आला. तो त्याचाच परिणाम होता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसांना दोष देण्याची माझी हिंमतही नाही. पण तेव्हापासून ‘हलवण्याआधी पिशवी रिकामी करा आणि हलवताना ती खालीच राहू द्या’ हे मी पहिल्या भेटीत शिकवते.

नळी मांडीला किंवा, पुरुष रुग्णाच्या बाबतीत, ओटीपोटाला चिकटपट्टीने सैल वेटोळे ठेवून बांधलेली असावी आणि बाजू आलटून पालटून बदलावी. नळीला सतत हिसके बसले तर मूत्रमार्गाला इजा होते. बेशुद्ध माणूस ओरडत नाही, त्यामुळे नळीच्या भाराने मूत्रमार्गाचे तोंड हळूहळू चिरत गेलेले मी पाहिले आहे. दिवसातून एकदा अंघोळीच्या वेळी आणि प्रत्येक शौचानंतर साध्या साबणाने व पाण्याने नळीभोवतीची जागा धुवा आणि नळी शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसा. बीटाडीन, सॅव्हलॉन, मलम, पावडर यांची गरज नाही. त्यांनी रोज धुतल्याने साबणापेक्षा जास्त संरक्षण मिळत नाही आणि कातडी मात्र सोलवटते. धुताना मागे सरकवलेली शिश्नाची पुढची त्वचा आठवणीने पुन्हा पुढे आणायची. ती मागेच राहिली तर सूज येऊन रक्तप्रवाह अडतो, आणि तक्रार करणारा माणूस इथेही गप्पच असतो.

ब्लॅडर वॉशबद्दल थोडी कबुली द्यायला हवी. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या विभागात नळी असलेल्या प्रत्येक रुग्णाला रोज वॉश देण्याची शिस्त होती आणि ती मी वर्षानुवर्षे अतिशय निष्ठेने पाळली. आज हिशेब मांडला तर दिसते, की प्रत्येक वॉशसाठी आम्ही बंद मार्ग उघडत होतो, बाहेरून द्राव आत ढकलत होतो आणि मूत्राशयाचे अस्तर चुरचुरवत होतो. संसर्ग टाळण्यासाठी नेमाने वॉश देऊ नये, असेच आजचे मत आहे. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या गुठळ्या अडू नयेत म्हणून देतात तो प्रकार वेगळा. नळी तुंबली असेल तर ती धूत बसण्यापेक्षा बदलावी.

नळी किती दिवसांनी बदलावी, याला एक उत्तर नाही. दर आठ दिवसांनी बदलणे म्हणजे दर आठवड्याला मूत्रमार्गाला नवी इजा आणि जंतूंना नवी वाट. लॅटेक्सची नळी साधारण चार आठवड्यांपर्यंत आणि पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत ठेवता येते, पण पाकिटावरची मुदत ही कमाल मर्यादा असते, ठरलेला मुहूर्त नसतो. काही रुग्णांच्या लघवीत प्रोटिअससारखे जंतू असतात, ते लघवी अल्कधर्मी करतात आणि क्षार साचून नळी आतून खडबडीत होत तुंबते. अशांची नळी तीन आठवड्यांनी तुंबत असेल तर आम्ही सतरा-अठराव्या दिवशीच बदलतो. वहीत तीन बदलांच्या तारखा आणि कारणे लिहिली की तुमच्या वडिलांचा पल्ला समजेल. नळी शक्यतो १४ किंवा १६ नंबरची असावी आणि तिला मूत्राशयात धरून ठेवणारा टोकाचा फुगा डिस्टिल्ड वॉटरने भरावा. सलाइनने भरला तर क्षार धरून तो काढताना रिकामा न होण्याची भीती असते. नळीच्या कडेने लघवी गळते म्हणून मोठ्या नंबरची नळी घालू नका. गळती बहुधा मूत्राशय आकसण्यामुळे, नळी दुमडल्यामुळे किंवा शौच साचल्यामुळे असते.

शौच आणि पाणी ही दोन कामे घरच्यांच्या हातातली. साठ किलो वजनाच्या माणसाला अन्नातले धरून दिवसाला साधारण १८०० मिलिलिटर द्रव लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जास्त लागतो, पण हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तातले सोडियम यांचा प्रश्न असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवावा. बार्लीचे किंवा धण्याचे पाणी देत असाल तर जरूर द्या, मात्र ते पाणी म्हणूनच उपयोगी आहे आणि नीट गाळले नाही तर नाकातली नळी तुंबते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम बरेच असते, म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असल्यास विचारून द्या.

तीन-चार तास पिशवीत लघवीच उतरली नाही तर आधी नळी अंगाखाली दबली आहे का, दुमडली आहे का, पिशवी वर गेली आहे का हे पाहा. हे सगळे ठीक असूनही ओटीपोट टणक लागत असेल तर त्याच तासाला नळी बदलणाऱ्याला बोलवा. हुडहुडी, रक्तदाब उतरणे किंवा धाप यांपैकी काही दिसले तर घरी वाट पाहू नका.

आता तो चौथा प्रश्न. अतिदक्षता विभागात दर तासाची लघवी मोजायची असते म्हणून नळी घालतात, आणि पुष्कळदा घरी सोडताना ती काढायचे कोणी मनावर घेत नाही. बेशुद्धी हे नळीचे कारण नाही. लघवी अडते का, हे कारण आहे. वडिलांना आधी प्रोस्टेटचा त्रास होता का, हे आठवून डॉक्टरांना सांगा आणि नळी काढून पाहता येईल का, असे स्पष्ट विचारा. त्यासाठी आधी चिमटा लावून मूत्राशयाला ‘सवय’ लावण्याची गरज नसते. सकाळी नळी काढतात, डायपर ओला होतो का ते पाहतात, आणि लघवी झाल्यावर सोनोग्राफीत मागे किती उरली ते मोजतात. १०० ते १५० मिलिलिटरपेक्षा कमी उरत असेल तर बहुधा निभते. मग पुरुष रुग्णाला कंडोम कॅथेटर, म्हणजे शिश्नावर बाहेरून चढवायचे, पिशवीला जोडलेले आवरण, लावता येतो. तो मापाचा घ्यावा, रोज बदलावा, आवळून चिकटपट्टी गुंडाळू नये आणि बदलताना कातडी नीट पाहावी. नुसते डायपरही चालतात, फक्त ओले राहू देता कामा नये. लघवी अडतच असेल तर दर चार ते सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामे करून लगेच काढण्याची पद्धत आहे. जॅक लॅपिडिस या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की ही नळी निर्जंतुक नसली तरी स्वच्छ असली तर पुरते, कारण मूत्राशय तुडुंब न होऊ देणे अधिक महत्त्वाचे असते. घरात दोन माणसे शिकायला तयार असतील तर हे जमते. तुमच्या घरी तेवढे हात आहेत का, हे तुम्हीच ठरवायचे. माकडहाडावर खोल बेडसोर असेल आणि लघवीने तो भिजत असेल, तर तो भरेपर्यंत नळी ठेवणे योग्य ठरू शकते.

नळी काढायला आठवड्याच्या मधला वार निवडा, शनिवार नको. त्या दिवशी तासगावात किंवा सांगलीत सोनोग्राफी करून मिळेल याची आधी खात्री करा आणि त्याच नंबरची एक नवी नळी घरात ठेवा, म्हणजे संध्याकाळी पुन्हा घालावी लागली तर धावपळ होणार नाही. पहिल्या वेळी जमले नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करून पाहायला काही हरकत नसते. बेडसोर आहे का, सध्याची नळी लॅटेक्सची आहे की सिलिकॉनची, आणि मागच्या चारही वेळी तापाबरोबर खोकला किंवा छातीत घरघर होती का, एवढे कळवलेत तर पुढचे अधिक नेमके सांगता येईल.